सर गेल्यावर शाळेने आणि माजी विद्यार्थ्यांनी काय करायचं, आणि कोणत्या क्रमाने

तीस-पस्तीस वर्षं एकाच शाळेत काढलेले मुख्याध्यापक गेले की बातमी आधी बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येते, आणि संध्याकाळच्या आत कुणीतरी फ्लेक्सचं डिझाईन टाकलेलं असतं आणि कुणीतरी स्वतःच्या खात्याचा क्यूआर कोड. दोघांच्याही मनात सरांबद्दल प्रेमच असतं, त्यात शंका नाही. पण पुढे सहा महिने जे गैरसमज होतात, घरचे दुखावतात, दोन बॅचेसमध्ये बोलणं बंद होतं, त्याची सुरुवात बहुतेक वेळा याच संध्याकाळी झालेली असते. पैसे आधी, आठवणी शेवटी, आणि घरच्यांना विचारायचं राहूनच जातं.

माजी विद्यार्थी संघांच्या कामात राहून हे पुन्हा पुन्हा बघतोय म्हणून एकदा नीट लिहून काढतो. क्रम असा ठेवा: आधी घर, मग शाळा आणि संस्था, मग आठवणी, मग सभा, मग स्मरणिका, आणि पैसे सगळ्यात शेवटी. जिथे सर लिहिलंय तिथे बाई पण धरा.

## 1. पहिले दोन दिवस: आधी घर, मग शाळा

घरी सगळ्यांनी फोन करू नका. एकच माणूस ठरवा, जो त्या घरात आधीपासून जाऊन-येऊन आहे, आणि त्यानेच बोलायचं. बाकीच्यांनी प्रत्यक्ष भेटायला जावं, पण कार्यक्रमाचा विषय काढू नये. दशक्रिया किंवा जो काही विधी असेल तो होईपर्यंत घरच्यांना तारीख, हॉल, फोटो यातलं काहीच विचारायचं नाही.

त्या एका माणसाने योग्य वेळ बघून विचारायच्या गोष्टी मोजक्या आहेत. सरांनी स्वतः काही सांगून ठेवलं होतं का (बरेच जुने शिक्षक हार-तुरे नकोत, देहदान करा, असं लिहून ठेवतात), सभेला घरातलं कुणी येणार का आणि बोलणार का, कोणता फोटो लावायचा, आणि नावाआधी काय लावायचं. शेवटचा प्रश्न बारीक वाटतो पण विचाराच. कुणाकडे कैलासवासी चालतं, कुणाला दिवंगत हवं असतं, बौद्ध घरात कालकथित म्हणतात आणि सभेला पुण्यानुमोदन. पत्रिका छापून झाल्यावर हे कळलं तर घरच्यांना फार लागतं.

शाळेत त्याच वेळी एक छोटं काम करून टाकायचं. दुसऱ्या दिवशीच्या परिपाठात पाच मिनिटं. आत्ताच्या मुलांनी सरांना बघितलेलं नसतं, सर निवृत्त होऊन पंधरा वर्षं झालेली असतात, त्यामुळे नुसतं 'आपल्या शाळेचे माजी मुख्याध्यापक' असं सांगून दोन मिनिटं उभं केलं तर मुलांना काहीच कळत नाही. मुलं रोज जी वस्तू बघतात तिच्यापासून सुरू करा. ही विहीर, हे ग्रंथालय, ही गेटजवळची चिंच, हे त्यांच्या काळात झालं. मग शांतता.

जपून: निधनाची वेळ, आजार, शेवटच्या दिवसातले फोटो ग्रुपवर टाकू नका, घरच्यांनी पाठवले असतील तरी पुढे ढकलू नका. अंत्यदर्शनाचे व्हिडिओ तर अजिबात नकोत.

## 2. चार माणसं, आणि संस्थेचं पत्र

समिती एकवीस जणांची केली की काम दोघं करतात आणि रुसतात एकोणीस. चौघं पुरतात: एक घरच्यांशी आणि संस्थेशी बोलणारा, एक आठवणी आणि फोटो गोळा करणारा, एक कार्यक्रम बघणारा, एक हिशोबाचा. चौघं चार वेगवेगळ्या काळातले घ्या. सगळे 1995 च्या बॅचचे असले तर 1978 ची मंडळी आपोआप बाजूला पडतात आणि त्यांच्याकडेच सगळ्यात जुन्या गोष्टी असतात. शाळेतला एक आत्ताचा शिक्षक बरोबर असायलाच हवा, नाहीतर कपाटाच्या किल्लीपासून अडायला लागतं.

मग लगेच संस्थेच्या सचिवांना आणि मुख्याध्यापकांना साधं अर्ध्या पानाचं पत्र द्यायचं. कार्यक्रम काय, अंदाजे कधी, शाळेकडून काय हवंय (हॉल, माईक, जुन्या वह्या बघायची परवानगी). आवक नोंद करून घ्या आणि नंबर लिहून ठेवा. संस्थेत दोन गट असतील, आणि बऱ्याच ठिकाणी असतात, तर पत्र संस्थेच्या नावाने द्यायचं, व्यक्तीच्या नावाने नाही. सरांचं आणि आत्ताच्या कार्यकारिणीचं जुनं काही असेल तर ते या चौघांना माहीत असावं पण त्यावर ग्रुपमध्ये एक ओळही लिहू नये.

इथे थांबून तपासा: घरच्यांचा होकार आहे का? संस्थेची पोच हातात आहे का? दोन्ही मिळेपर्यंत पुढचं काम सुरू करू नका, आणि फ्लेक्स तर नाहीच. रस्त्यावरच्या फ्लेक्सला नगरपालिकेची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी लागते, ती न घेता लावलेला सरांचा फोटो पालिकेच्या गाडीत टाकून नेलेला बघणं फार वाईट.

## 3. तारीख

लोक घाईत दहाव्या-तेराव्याच्या दिवशीच शाळेत सभा ठेवतात. नको. त्या दिवशी घरचे दमलेले असतात आणि नातेवाईक घरी असतात. एका महिन्याच्या आसपासचा रविवार धरा, बाहेरगावची मंडळी येऊ शकतात आणि आठवणी गोळा करायलाही वेळ मिळतो. शाळेतली मुलं हवी असतील तर शनिवारची सकाळ. फेब्रुवारी-मार्च टाळा, प्रॅक्टिकल आणि दहावी-बारावी चालू असते, सेंटर असलं तर हॉल मिळतच नाही.

दरवर्षी काही करायचं मनात असेल तर त्याची तारीख पण आत्ताच ठरवा, आणि ती पुण्यतिथीच असली पाहिजे असं नाही. रयत शिक्षण संस्थेचं उदाहरण बघा. कर्मवीर भाऊराव पाटील गेले 9 मे 1959 ला, म्हणजे ऐन उन्हाळी सुट्टीत, आणि रयतच्या शाळा मोठा कार्यक्रम करतात तो 22 सप्टेंबरला, त्यांच्या जयंतीला, जेव्हा वर्ग भरलेले असतात. सरांची पुण्यतिथी मे किंवा दिवाळीच्या सुट्टीत येत असेल तर जयंती घ्या, तीही सुट्टीत असेल तर ते शाळेत रुजू झाले ती तारीख घ्या. फक्त जन्मतारीख घरून विचारून घ्यायची. त्या पिढीत बऱ्याच जणांची कागदोपत्री जन्मतारीख 1 जून असते, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच टाकलेली असते.

## 4. आठवणी गोळा करणं

हे सगळ्यात महत्त्वाचं काम आणि हेच सगळ्यात घाईत उरकलं जातं. ग्रुपवर 'सरांच्या आठवणी पाठवा' असं टाकलं की काय येतं? शिस्तप्रिय होते, आमच्यासाठी देवमाणूस होते, त्यांच्यामुळे आज मी इथे आहे. मनापासून लिहिलेलं असतं, पण पन्नास जणांचं एकत्र केलं तर त्यात सर दिसत नाहीत, कुठल्याही शाळेच्या कुठल्याही सरांना ते लागू पडतं.

म्हणून आठवण मागू नका, प्रश्न विचारा. पाच पुरेत:

- कोणतं वर्ष, तुम्ही कितवीत होता?
- शाळेत नेमकी कुठली जागा? ऑफिस, ग्राउंड, व्हरांडा, घर?
- सर काय म्हणाले, जमेल तितकं त्यांच्याच शब्दात?
- तिथे आणखी कोण होतं?
- हे छापलं तर चालेल का, नावासकट?

शेवटचा प्रश्न विसरू नका. कुणाची फी सरांनी स्वतः भरली होती, कुणाच्या घरी दारूचा त्रास होता आणि सर रात्री गेले होते, अशा गोष्टी लोक विश्वासाने सांगतात, त्या स्टेजवरून नावानिशी आल्या तर त्या माणसाला तोंड दाखवायला नको वाटेल.

पहिल्यांदा कुणाकडे जायचं? वयाने मोठे आहेत त्यांच्याकडे. सरांचे सहकारी आज ऐंशीच्या पुढे असतात, त्यांच्याकडे फॉर्मची लिंक पाठवून काही होत नाही, घरी जावं लागतं. दुपारी झोप झाल्यावर चारच्या सुमाराला जा, फोनचा रेकॉर्डर चालू करताना सांगून करा, आणि पंखा बंद ठेवा कारण पंख्याच्या आवाजात अर्धं बोलणं ऐकू येत नाही. जमलं तर जुना ग्रुप फोटो बरोबर न्या. 'सरांबद्दल सांगा' म्हटलं की ते भाषण करतात, फोटो हातात दिला की 'अरे हा कुलकर्णी, याचं आणि सरांचं तर रोज वाजायचं' असं सुरू होतं.

शिपाई, क्लार्क, प्रयोगशाळा परिचर, शाळेसमोरचा वडापाववाला, यांना नव्वद टक्के ठिकाणी कुणी विचारत नाही. सर सकाळी किती वाजता यायचे, सुट्टीत कशाला यायचे, पगार उशिरा झाला की कुणाला पैसे द्यायचे, हे त्यांनाच माहीत असतं.

आणि शाळेतच शोधा. प्रत्येक शाळेत सूचना वही असते, मुख्याध्यापकांनी लिहायची, शिपायाने वर्गावर्गात फिरवायची, शिक्षकांनी सह्या करायच्या. जुन्या वह्या स्टोअररूममध्ये गठ्ठ्यात पडलेल्या असतात. एका शाळेत अशी वही उघडली तर पावसाळ्यातल्या एका दिवसाची सूचना होती, सरांच्या अक्षरात, निळ्या शाईत: ओढ्याला पाणी आहे, पलीकडच्या वाडीच्या मुलांना तीन वाजता सोडावे, एका शिक्षकाने ओढ्यापर्यंत सोबत जावे. खाली सगळ्यांच्या सह्या. बस, एवढंच. तिचा फोटो सभेत पडद्यावर दाखवला तेव्हा हॉलमध्ये त्या वाडीची माणसं बसलेली होती. लॉगबुक पण बघा, शिक्षकांचे पाठ बघून मुख्याध्यापक त्यात शेरे लिहितात, पण त्यातला शेरा छापायच्या आधी त्या शिक्षकांना विचारा.

जपून: जनरल रजिस्टरचे (मुलांच्या प्रवेशाची नोंदवही) फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. गंमत म्हणून लोक स्वतःचं पान टाकतात, पण त्याच पानावर दुसऱ्यांची जात, जन्मतारीख, वडिलांचा धंदा, शाळा सोडल्याचं कारण असतं.

फोटोंचं थोडक्यात. जुन्या अल्बममध्ये चिकटलेले फोटो ओढून काढायचे नाहीत, फाटतात, अल्बमसकटच स्कॅन करा. स्कॅनर 600 डीपीआयवर ठेवा. मोबाईलनेच काढायचा तर खिडकीजवळ, फ्लॅश बंद, फोन फोटोला बरोबर समांतर. आणि पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा, साधा फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि छपाईत फुटतो. फोटोमागे नावं लिहायची तर मऊ शिसपेन्सिलने, बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. फाईलचं नाव त्याच दिवशी बदला: वर्ष, प्रसंग, देणाऱ्याचं नाव. 'आयएमजी 2041' अशा नावाच्या चारशे फायली झाल्या की मग कुणाचा बापही ते लावू शकत नाही.

एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. जुन्या बॅचेसच्या निम्म्या आठवणी माराच्या असतात. सरांनी छडीने फोडलं, आणि म्हणूनच आम्ही घडलो. सांगणाऱ्याला त्यात प्रेम वाटतं, मान्य. पण समोर आज सहावी-सातवीची मुलं आणि त्यांचे शिक्षक बसलेत, आणि शिक्षण हक्क कायदा 2009 प्रमाणे मुलांना मारणं बंद आहे. माझं मत स्पष्ट आहे, सभेत माराच्या गोष्टी नकोत. आणि ज्याला त्या माराचा त्रासच झाला होता असाही कुणीतरी त्या हॉलमध्ये असतो. त्याने काही लिहून दिलं तर ते फेकून देऊ नका, नीट ठेवा.

इथे थांबून तपासा: सर कधी रुजू झाले, मुख्याध्यापक कधी झाले, निवृत्त कधी, या तारखा कुणाच्या आठवणीवर घेऊ नका. ऑफिसमधल्या मुख्याध्यापकांच्या फलकावर बघा, मग क्लार्ककडून सेवापुस्तकाशी ताडून घ्या. दोन्हीत फरक निघाला तर सेवापुस्तकातली धरा.

## 5. सभा

दीड तास. त्याच्यावर नाही. सातच वक्ते, प्रत्येकी पाच मिनिटं, हे आधी फोन करून सांगायचं आणि पत्रिकेत वक्त्यांची नावं न टाकता नुसतं 'श्रद्धांजली सभा' एवढंच टाकायचं. नावं छापली की ज्याचं राहिलं तो येत नाही. 'सस्नेह निमंत्रण' लिहू नका, 'आग्रहाचं आमंत्रण' तर नाहीच, साधं कळवा की सभा अमुक दिवशी अमुक वेळी आहे.

मैदानापेक्षा हॉल बरा. शाळेच्या शंभर मीटरमध्ये शांतता क्षेत्र असू शकतं, बाहेर लाऊडस्पीकर लावायचा तर पोलिस परवानगीचा व्याप होतो, आणि उन्हात बसवलेल्या मुलांना चक्कर येते ते वेगळंच. लाईट गेली तर माईक चालेल अशी बॅटरीची सोय ठेवा.

वक्त्यांचा क्रम मी असा ठेवेन: सगळ्यात जुन्या बॅचचा विद्यार्थी, सहकारी शिक्षक, शिक्षकेतर कर्मचारी, एक पालक, मधल्या काळातली विद्यार्थिनी, आत्ताचे मुख्याध्यापक, आणि शेवटी घरातलं कुणी, तेही त्यांना बोलायचं असेल तरच. ऐनवेळी आग्रह करून घरच्यांना माईकसमोर उभं करू नका. लोकप्रतिनिधी येणार असतील तर त्यांच्यासाठी सभा थांबवायची नाही, हे त्यांच्या माणसाला आदल्या दिवशी नम्रपणे सांगून ठेवायचं. ते उशिरा आले तर पहिल्या रांगेत बसतील, फुलं वाहतील. स्टेजवर खुर्च्याच नसल्या तर हा सगळा प्रश्नच मिटतो. फोटो, समई, माईक, बस.

सूत्रसंचालन करणाऱ्याला चारोळ्या आणि शेर बंद करायला सांगा. दोन वक्त्यांच्या मध्ये तुम्ही गोळा केलेल्या आठवणीतली एक-एक, चार ओळींची, ज्याची आहे त्याच्या नावाने वाचली की सभेला आपोआप सूर लागतो, आणि जे बोलू शकले नाहीत तेही त्यात येतात.

शोकठराव हे सभेतलं मुख्य काम, आणि तोच घाईत कुणीतरी मागच्या रांगेत बसून खरडतो. आदल्या आठवड्यात लिहा. संस्थेचं नाव, सभेची तारीख, सरांचं पूर्ण नाव, सेवेचा काळ, त्यांनी केलेली दोन-तीन नेमकी कामं, आणि कुटुंबीयांच्या दुःखात सहभागी असल्याचं एक वाक्य. 'कधीही न भरून निघणारी पोकळी' टाळता आली तर टाळा, त्या जागी एखादं खरं काम लिहा. ठराव उभं राहून ऐकायचा, लगेच दोन मिनिटं शांतता, आणि सभा संपली. शोकसभेत आभारप्रदर्शन नसतं, शाल-श्रीफळ नसतं, टाळ्या नसतात. टाळ्यांचं सुरुवातीलाच सांगून ठेवा, मुलं सवयीने वाजवतात. ठरावाची सही-शिक्क्याची प्रत दुसऱ्या दिवशी घरी नेऊन द्या, पोस्टाने नको.

परदेशातल्या आणि मुंबई-पुण्यातल्यांसाठी ऑनलाइन लिंक द्यायची तर एक फोन वक्त्याच्या माईकजवळ ठेवा, स्पीकरच्या बॉक्सजवळ नको, घुमतो. आणि सगळ्यांना म्यूट करायला एक माणूस नेमा, नाहीतर शांततेच्या दोन मिनिटात कुणाच्या तरी घरचा कुकर ऐकू येतो.

जपून: या सभेत पैशाचं आवाहन करायचं नाही. दारात पेटी ठेवायची नाही. कुणी स्टेजवरून 'मी एक लाख जाहीर करतो' म्हणालाच तर सूत्रसंचालकाने ते वाढवू नये, कारण त्यानंतर बोलणाऱ्या प्रत्येकाला आकडाच सांगावा लागतो आणि सर बाजूला राहतात.

## 6. स्मरणिका

प्रत्येक ठिकाणी काढलीच पाहिजे असं नाही. चांगला मजकूर वीस पानांचा असेल तर वीसच पानांची काढा. मधल्या पिनेने शिवलेली असेल तर पानं चारच्या पटीत लागतात, हे आधी माहीत नसल्यामुळे शेवटी तीन पानं भरायला लोक जाहिराती घेतात.

मजकूर सगळा युनिकोडमध्ये टाईप करून द्या. डीटीपीवाले अजून बरेच ठिकाणी श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये काम करतात, बदलताना जोडाक्षरं तुटतात. 'दुसऱ्या'तला र, 'महाराष्ट्र'मधला ष्ट्र, क्ष, ज्ञ, आणि आकडे, हे प्रूफमध्ये मुद्दाम शोधून बघा. प्रूफ तिघांनी वाचायचं: एकाने फक्त शुद्धलेखन, एकाने फक्त नावं आणि वर्षं, एकाने फक्त फोटोखालच्या ओळी. एकानेच सगळं वाचलं की नावं चुकतात. आणि छापायच्या आधी पूर्ण प्रूफ घरच्यांना दाखवा, त्यांनी एखादी गोष्ट काढा म्हटलं तर का असं न विचारता काढा.

किती प्रती हा प्रश्न आगाऊ नावं घेऊन सोडवा. नोंदणी झाली त्यापेक्षा थोड्या जास्त, घरच्यांसाठी पंचवीस, शाळेच्या ग्रंथालयात दोन (एक देवघेवीची, एक कपाटातली), आणि पीडीएफ सगळ्यांना.

## 7. पैसे

आता पैसे. आधी हेतू एका वाक्यात लिहून काढायचा आणि मगच रक्कम. 'सरांच्या नावाने काहीतरी करू' म्हणून गोळा केलेले पैसे पुढे दोन वर्षं कुणाच्या तरी खात्यात पडून राहतात आणि त्यातून निघणारे संशय सरांच्या नावालाच चिकटतात.

खातं कुणाचं? तीन मित्रांचं जॉइंट खातं नको. व्याजावर टॅक्स त्यांच्या नावावर लागतो, त्यातला एक गेला किंवा फिस्कटलं की पैसे अडकतात. नोंदणीकृत संस्थेच्या किंवा माजी विद्यार्थी संघाच्या नावाने, वेगळ्या लेजर हेडखाली, छापील पावतीवर घ्या. संघ नोंदणीकृत नसेल आणि तुम्ही लोकांकडून वर्गणी मागत असाल तर गणपती मंडळांना लागते तशी धर्मादाय कार्यालयाची 41क कलमाखालची परवानगी लागते.

पावतीवर काय लिहायचं? निधी कायमचा ठेवून व्याजातून बक्षीस द्यायचं असेल तर देणाऱ्याकडून लेखी घ्या: 'ही रक्कम अमुक स्मृतिनिधीच्या कायम ठेवीसाठी देत आहे.' हे नसेल तर संस्थेच्या हिशोबात ती त्या वर्षाची साधी देणगी धरली जाते आणि रंगकामात खर्च होऊ शकते, कुणी वाईट माणूस नसतानाही.

टॅक्सची सवलत संस्थेकडे आयकर खात्याची तशी मान्यता (80जी म्हणतात ती) असेल तरच, आणि 2,000 रुपयांच्या वर रोख दिले तर नाही. नवीन टॅक्स रिजीम घेतलेल्यांना ती मिळतच नाही, हे आधी सांगा म्हणजे मार्चमध्ये भांडणं नकोत. देणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता आणि पॅन सुरुवातीलाच घेऊन ठेवा, संस्थेला ऑनलाइन विवरण भरून प्रमाणपत्र द्यावं लागतं.

परदेशातले विद्यार्थी. इथे फार चुका होतात. भारतीय पासपोर्ट असलेला एनआरआय स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पैसे देत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. पण ज्याने अमेरिकेचं किंवा दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंय, ओसीआय कार्ड असलं तरी, त्याचा पैसा परदेशी देणगीत येतो, रुपयांत दिला तरी. संस्थेकडे एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) खालची नोंदणी आणि त्यासाठीचं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतलं खातं नसेल तर तो घ्यायचा नाही. प्रेमाने पाठवलेल्या दोनशे डॉलरमुळे संस्था अडचणीत येऊ शकते. पासपोर्ट कुठला आहे, एवढा एक प्रश्न फॉर्ममध्ये टाका. अशा विद्यार्थ्यांकडून लेख घ्या, फोटो घ्या, स्कॅनिंगचं काम घ्या.

ठेव कुठे? जास्त व्याज देते म्हणून पतसंस्थेत ठेवतात. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक धरून, 5 लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेला तो नसतो. बँकेतच ठेवा आणि मुदत संपायची तारीख दोघांच्या फोनमध्ये टाका.

गणित करूनच बक्षीस ठरवा. समजा 3,00,000 जमले आणि व्याज साडेसहा टक्के, तर वर्षाला 19,500. त्यातले 15,000 वापरा आणि 4,500 परत मुद्दलात घाला. सगळं व्याज वाटलं तर दहा वर्षांनी त्याच रकमेत निम्मं काहीतरी येतं, गावातल्या कितीतरी जुन्या बक्षिसांची रक्कम आज 51 रुपये आहे ती याच कारणाने.

बक्षीस कशाला द्यायचं? दहावीत पहिला, गणितात पहिला, संस्कृतात पहिला, हे नको. स्नेहसंमेलनात एकच मूल आठ वेळा स्टेजवर येतं आणि सगळी बक्षिसं घरी नेतं. सरांना जे आवडायचं त्याला द्या. वाचनालय त्यांचा जीव असेल तर वर्षभर पुस्तकं वाचून त्यांवर लिहिणाऱ्या मुलाला, लांबून चालत येणाऱ्यांची त्यांना काळजी असेल तर एसटीचा पास किंवा सायकल. आणि पैसे गरजू मुलाला द्यायचे असतील तर स्टेजवर बोलावून फोटो काढून देऊ नका, ऑफिसमधून द्या.

नियम एका पानावर: कोण पात्र, कोण ठरवणार, कधी देणार, दोन मुलं सारखी असतील तर काय, कुणीच पात्र नसेल तर काय, शाळा बंद पडली किंवा दुसऱ्या शाळेत मिसळली तर निधीचं काय. शेवटचा प्रश्न विचारायला जीवावर येतं पण पट कमी होत चाललेल्या शाळांत तो विचारायलाच हवा. या पानाला संस्थेच्या कार्यकारी मंडळाचा ठराव जोडून घ्या.

हॉलला किंवा ग्रंथालयाला नाव द्यायचं असेल तर तेही ठरावानेच, आणि कोनशिलेवर फक्त सरांचं नाव आणि काळ, देणगीदारांची यादी वेगळ्या फलकावर. झाड लावायचं असेल तर कुंपण आणि उन्हाळ्यात पाणी घालणारा माणूस आधी ठरवा. सरांच्या नावाची पाटी आणि शेजारी वाळलेलं रोप, हे दर जूनला मुलं बघतात.

इथे थांबून तपासा: हेतूचं वाक्य लिहिलेलं आहे? ठरावाची प्रत आहे? पावतीपुस्तक कुणाकडे आहे हे चौघांना माहीत आहे? मग आवाहन टाका, आणि शेवटची तारीख देऊन टाका. तारीख झाली की घेणं बंद, आणि महिन्याभरात जमाखर्च ग्रुपवर, चहाच्या बिलासकट. यादीत नावं अकारविल्हे, रकमेप्रमाणे नाही. पाचशे देणारा रिक्षावाला विद्यार्थी आणि पन्नास हजार देणारा डॉक्टर एकाच यादीत, आडनावाच्या क्रमाने.

## 8. वर्षभराने

पहिल्या वर्षी सगळे येतात, तिसऱ्या वर्षी दोघं. म्हणून वार्षिक कार्यक्रम वेगळा ठेवूच नका, शाळेच्या नेहमीच्या वेळापत्रकात बसवा: त्या दिवशीचा परिपाठ, पंधरा मिनिटं, बक्षीस, आणि एका माजी विद्यार्थ्याने मुलांशी बोलायचं. कोण बोलणार हे मुख्याध्यापकांनी जूनमध्येच ठरवून वार्षिक नियोजनात लिहायचं, म्हणजे मुख्याध्यापक बदलले तरी ते पान पुढे चालतं.

आणि सगळ्यात शेवटचं काम फाईलचं. रेकॉर्डिंग, स्कॅन, शोकठराव, निधीचा ठराव, नियमांचं पान, ठेवीच्या पावतीची झेरॉक्स, जमाखर्च. एक संच शाळेच्या कपाटात आणि त्याची नोंद चार्ज देण्या-घेण्याच्या यादीत, एक सरांच्या घरी पेनड्राइव्हवर, एक ऑनलाइन ड्राइव्हवर. ड्राइव्ह कुणा एकाच्या वैयक्तिक ईमेलवर ठेवू नका, त्यासाठी वेगळा ईमेल काढा आणि पासवर्ड चौघांपैकी दोघांकडे आणि शाळेच्या क्लार्ककडे लिहून ठेवा.